एसएसएच लागत नाही? मशीन रीस्टार्ट करण्याआधी या चुका टाळा

दुपारी इंदूरच्या विजयनगरमधल्या ऑफिसातून सुरळीत लागणारं एसएसएच (क्लाउडवरच्या मशीनमध्ये दुरून शिरायची सोय) रात्री रामबागेतल्या घरून ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणतं. मशीन बहुधा धडधाकट असतं. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (ॲमेझॉनच्या क्लाउडची फायरवॉल) पोर्ट २२, म्हणजे एसएसएचचं दार, फक्त ऑफिसच्या आयपीला (इंटरनेटवरच्या पत्त्याला) उघडं असतं, आणि घरच्या ब्रॉडबँडचा आयपी वेगळा. राउटर बंद-चालू झाला की तोही बदलू शकतो. वेब कन्सोलमध्ये जाऊन नियमात ‘माय आयपी’ निवडा, /३२ ची, म्हणजे फक्त त्या एका पत्त्याची, नोंद होते. वैतागून ०.०.०.०/० (साऱ्या जगाला परवानगी) टाकू नका, बॉट (आपोआप घुसू पाहणारे प्रोग्राम) दार ठोठवायला फार वेळ लावत नाहीत. ॲमेझॉनच्या ईसी-२ वर (भाड्याच्या क्लाउड मशीनवर) स्टॉप-स्टार्टही नको. इलास्टिक आयपी (राखून ठेवलेला, न बदलणारा पत्ता) नसेल तर मशीनचाच पब्लिक आयपी बदलतो आणि एकाचे दोन घोळ होतात.

आधी एरर नीट वाचा. ‘रिफ्यूज्ड’ आलं तर बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचलात, पण तिथे एसएसएच सेवा चालू नाही. ‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’ आलं तर फायरवॉलला हात लावू नका. युजर किंवा की (लॉगिनची किल्ली-फाइल) चुकली आहे. उबुंटूवर युजर ‘उबुंटू’, ॲमेझॉन लिनक्सवर ‘ईसी२-युजर’. की फाइलला सीएचमॉड ४०० (फक्त मालकाला वाचायची परवानगी) द्या. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमधलं लिनक्स) की सी ड्राइव्हवर असेल तर सीएचमॉड सहसा लागूच होत नाही, ती लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करा.

ॲमेझॉनच्या वेब कन्सोलमधलं ‘कनेक्ट’ बटण पोर्टशिवाय चालतं, हा गैरसमज बराच पसरला आहे. त्यामागची इन्स्टन्स कनेक्ट सेवाही पोर्ट २२ वरूनच आत येते, फक्त तुमच्या लॅपटॉपच्या नव्हे, ॲमेझॉनच्या पत्त्यांवरून. म्हणून टर्मिनल चालतं आणि ब्राउझर अडतो. त्या सेवेची प्रीफिक्स लिस्ट (तिच्या पत्त्यांची यादी) नियमात जोडा.

ॲमेझॉनच्याच सेशन मॅनेजरचं (एसएसएचशिवाय मशीनमध्ये शिरायची सेवा) तसं नाही. मशीनमधला एजंट (त्या सेवेचा छोटा प्रोग्राम) स्वतःच पोर्ट ४४३ वरून बाहेर जोडतो, २२ बंद असलं तरी चालतं. मात्र एजंट आणि ‘ॲमेझॉन-एसएसएम-मॅनेज्ड-इन्स्टन्स-कोअर’ पॉलिसी असलेला रोल (मशीनला दिलेले अधिकार) आधीच लावून ठेवा. बाहेर अडकल्यावर एजंट टाकणं जिकिरीचं. यूएफडब्ल्यूमध्ये (उबुंटूची स्वतःची फायरवॉल) २२ ला परवानगी न देता ‘इनेबल’ केलं, तर हाच सोपा रस्ता उरतो. सीरियल कन्सोल (नेटवर्कशिवाय मशीनशी बोलायची खिडकी) असतो, पण तिथे पासवर्ड लागतो आणि क्लाउडच्या उबुंटूत तो ठेवलेलाच नसतो. एसएसएचची सेटिंग बदलताना ‘एसएसएचडी -टी’ने फाइल तपासा, जुनं सेशन उघडंच ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहा.

लांबलचक काम टीमक्समध्येच (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) चालवा. लाइट गेली की राउटर बंद पडतो आणि एसएसएच तुटतं. सेशन मॅनेजरही काही हालचाल नसेल तर डिफॉल्टने २० मिनिटांत बंद होतो.

अझूरवर (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) टर्मिनलमधून ‘शटडाउन’ दिलंत तर मशीन ‘स्टॉप्ड’ दिसतं, पण कंप्यूटचं (मशीन वापराचं) बिल चालूच राहतं. पोर्टलमधून स्टॉप करा, स्थिती ‘डीॲलोकेटेड’ झाल्यावर बिल थांबतं. डिस्कचे पैसे तरीही लागतात.