ड्राय-रनवर विसंबू नका: उबुंटूचं ऑटो-अपडेट असं तपासा

उबुंटू २४.०४ वर अनअटेंडेड-अपग्रेड्स, म्हणजे आपोआप अपडेट करणारं टूल, चालतंय का, हे विचारलं की एकच सल्ला मिळतो: ड्राय-रन (काहीही न बदलता नुसती रंगीत तालीम) मारा, एरर आली नाही म्हणजे झालं. याच सल्ल्यावर विसंबून मी चार महिने जुना ब्राउझर वापरला.

सोपं आधी उरकू. सुडो ॲप्ट अपडेट चालवा, नाहीतर टूल पॅकेजेसच्या शिळ्या यादीवरच निकाल देईल. मग सुडो अनअटेंडेड-अपग्रेड, आणि पुढे ड्राय-रन व डीबग (तपशील छापायला), दोन्हींच्या आधी दोन-दोन डॅश.

खरी गोम इथे आहे. सगळं अद्ययावत असेल, तर टूल म्हणतं की अपग्रेड करण्याजोगं काही सापडलं नाही. एखाद्या रिपॉझिटरीला (पॅकेजेस जिथून येतात त्या भांडाराला) हात लावायची त्याला परवानगीच नसेल, तरीही तेच म्हणतं! परीक्षेला न बसलेला पोरगाही नापासांच्या यादीत नसतो.

म्हणून टूलपुढे मुद्दाम जुनं पॅकेज ठेवायचं. हे चाचणीच्या मशीनवरच करा, कामाच्या सर्व्हरवर नाही. मी डब्ल्यूगेट (फाइल डाउनलोड करायचं छोटं टूल) घेतो. ॲप्ट लिस्टला डॅश-ए लावून त्याची व्हर्जन्स बघा. ज्याच्यापुढे नुसतं नोबल (२४.०४ चं टोपणनाव) लिहिलंय ते जुनं. पॅकेजच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह आणि तो व्हर्जन नंबर देऊन ते इन्स्टॉल करा. कर्ल या तसल्याच दुसऱ्या टूलच्या वाटेला जाऊ नका. त्याची लायब्ररी त्याच व्हर्जनला बांधलेली असते, तीही खाली आणावी लागते. माझी अख्खी दुपार त्यात गेली.

आता पुन्हा ड्राय-रन. अपग्रेड होणाऱ्यांच्या यादीत डब्ल्यूगेट दिसलंच पाहिजे. दिसलं की ड्राय-रन काढून खरं चालवा.

पण याने फक्त उबुंटूची स्वतःची रिपॉझिटरी तपासली गेली. बाहेरून आणलेल्या ब्राउझरचं काय? ॲप्ट-कॅशे पॉलिसी चालवा आणि त्या रिपॉझिटरीच्या ओळीत ‘ओ=’ आणि ‘ए=’ पुढे काय आहे ते उतरवून घ्या. ५०अनअटेंडेड-अपग्रेड्स या फाइलमध्ये अलाउड-ओरिजिन्सखाली हेच दोन शब्द, मध्ये कोलन देऊन, कॅपिटल-स्मॉलसकट जसेच्या तसे लिहायचे. मी शहाणपणा करून तिथे रिपॉझिटरीचा पत्ताच चिकटवला होता. पत्त्यात कोलन असतोच, त्यामुळे टूलने तो निमूट गिळला, एका शब्दाने तक्रार केली नाही. डीबगच्या सुरुवातीला परवानगी असलेल्यांची यादी छापून येते; ती वाचली असती तर ‘ओ=एचटीटीपीएस’ असलं भूत पहिल्याच दिवशी दिसलं असतं. ती ओळ वाचाच.

अजून एक. हाताने चालवलेली कमांड २०ऑटो-अपग्रेड्स या फाइलला विचारत नाही. तिथे दुसऱ्या, म्हणजे अनअटेंडेड-अपग्रेडच्या ओळीत शून्य असेल, तर तुमची चाचणी झकास होईल आणि रोजचं अपडेट मात्र कधीच होणार नाही. दोन्ही ओळींत १ हवा.

रोजच्या अपडेटचा टायमर सकाळी सहाला लागतो, वर तासाभरापर्यंत उशीर होऊ शकतो. तेव्हा रात्री डब्ल्यूगेट पुन्हा जुनं करा, मशीन चालू ठेवा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावा (बॅटरीवर टूल काम टाळतं) आणि खुशाल झोपा. सातनंतर व्हार-लॉगमधल्या अनअटेंडेड-अपग्रेड्स फोल्डरातला लॉग उघडा आणि त्यात डब्ल्यूगेट शोधा.