पावसाळ्यात पेलेट ग्रिल मध्येच विझतो? माझा अनुभव

आमचं घर खानापूरजवळ, जांबोटीच्या वाटेवर. जुलैत इथे भिंतीलाही बुरशी धरते. लक्षण असं: पेलेट ग्रिल (भुशाच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळून शिजवणारी विजेची शेगडी) ११० अंशांपर्यंत जायचा, मग तापमान घसरायचं, पांढरा दाट धूर यायचा आणि आग विझायची. मोटर घूं घूं करायची, पण पेलेट पडायचे नाहीत.

पेटवणारी कांडी बदलली, तापमान वाढवून बघितलं, वर ताडपत्री टाकली. तीन रविवार चिकन अर्धकच्चं राहिलं, जीव अगदी मेटाकुटीला आला.

दोष दमट हवेचा होता. पेलेट म्हणजे दाबलेला लाकडाचा भुसा. ओल लागली की फुगतो आणि ऑगरच्या (पेलेट आगीकडे ढकलणाऱ्या स्क्रूच्या) नळीत सिमेंटसारखा बसतो.

आधी प्लग काढला, ग्रिल पूर्ण गार होऊ दिला. हॉपर (पेलेट भरायचा डबा) तळापर्यंत रिकामा केला. आगीच्या भांड्यातली राख काढली. मग मोटरची पिन काढून ऑगर बाहेर ओढला आणि नळीतला गठ्ठा लाकडी काठीने फोडला. पाणी अजिबात घालायचं नाही! कोरड्या फडक्याने पुसून सगळं परत बसवलं, नवे पेलेट भरले. भांड्यात मूठभर पडेपर्यंत फक्त ऑगर फिरवला, मग झाकण उघडं ठेवून पेटवला. ज्योत धरल्यावर झाकण बंद. २० मिनिटांत १२० अंश, आणि काटा तिथेच स्थिर!

पेलेट चांगला आहे का, ते बोटांनी मोडून बघा. कोरडा कट्कन तुटतो, ओला चुरा होतो. आता ग्रिल गार झाला की मी हॉपर रिकामा करून पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.