दुसरा डीएनएस प्रोव्हायडर म्हणजे स्टेपनी नव्हे

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डाइन' या डीएनएस (साइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) कंपनीवर मिराय बॉटनेटने (हॅक केलेल्या उपकरणांच्या फौजेने) हल्ला केला आणि ट्विटर, स्पॉटिफाय, गिटहब कित्येकांना उघडेनात. त्यांचे सर्व्हर धडधाकट होते. पत्ता सांगणाराच गप्प झाला होता.

हाच दाखला देऊन मी आमच्या डोमेनला दुसरा प्रोव्हायडर जोडला. रजिस्ट्रारकडे (जिथे डोमेन नोंदवतो तिथे) दोघांचे मिळून चार नेमसर्व्हर (पत्ता सांगणारे सर्व्हर) भरले आणि निर्धास्त झालो. पहिला पडला की दुसरा धावून येईल, असं डोक्यात होतं. पण रिझॉल्व्हर (आपल्या वतीने पत्ता विचारणारा सर्व्हर) यादीतल्या कुणालाही विचारतो, बरेचदा जो लवकर उत्तर देतो त्याला. दुसरा पहिल्या दिवसापासूनच कामावर असतो.

हे कळलं ते सर्व्हर बदलल्यावर. नवा ए रेकॉर्ड (साइटचा आयपी पत्ता) एकीकडे टाकला, दुसरीकडे विसरलो. एकाला नवी साइट दिसे, शेजारच्याला जुनी. मी आपला सगळ्यांना कॅशे साफ करायला सांगत बसलो (आमचं ठेवणीतलं उत्तर!). शेवटी डिग या डीएनएस तपासणाऱ्या कमांडने चारही नेमसर्व्हरना एकेक करून विचारलं, तेव्हा चोर सापडला: मीच.

तेव्हा दोन पॅनेलमध्ये हाताने भरणं सोडा. जुना रस्ता झोन (डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डचा संच) ट्रान्सफरचा: प्रायमरीच्या (मूळ प्रत ठेवणाऱ्याच्या) एसओए रेकॉर्डमधला सीरियल (आवृत्ती क्रमांक) वाढला की सेकंडरी नवी प्रत ओढून घेतो. छान चालतं, पण देशानुसार वेगळं उत्तर वगैरे प्रोव्हायडरच्या खास सोयी त्यातून जात नाहीत. मी डीएनएसकंट्रोल हे टूल वापरतो. ऑक्टोडीएनएसही त्याच जातीचं. रेकॉर्ड एका फाइलमध्ये, तिथून दोघांकडे. फाइल गिटमध्ये असल्याने कुणी कधी काय बदललं तेही दिसतं. एनएस रेकॉर्ड (नेमसर्व्हरची नावं) मात्र तपासा: दोन्ही झोनमध्ये चारही नावं हवीत.

डीएनएससेक (उत्तरांवर डिजिटल सही करण्याची सोय) चालू असेल तर घाई नको. दोघे आपापल्या किल्लीने सही करणार असतील, तर प्रत्येकाच्या डीएनएसकी (जाहीर किल्ल्यांच्या) संचात दुसऱ्याचीही झोन साइनिंग की (रेकॉर्डवर सही करायची किल्ली) लागते. आरएफसी ८९०१ या तांत्रिक दस्तऐवजात ही पद्धत दिली आहे, पण प्रत्येक प्रोव्हायडर ती देतोच असं नाही. पैसे भरण्याआधी विचारा.

आणि कधी एकाला काढायचं झालं, तर डॉट कॉमच्या बाजूला एनएसचा टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत) १,७२,८०० सेकंद असतो, म्हणजे दोन दिवस. रजिस्ट्रारकडून नाव काढलं त्याच दिवशी जुना झोन पुसू नका. मी आठवडाभर ठेवतो.