'वेस्टवर्ड द विमेन' घरी बघणार असाल तर आधी टीव्हीची सेटिंग्ज बदला

दिग्दर्शक विल्यम वेलमनचा १९५१ सालचा सिनेमा 'वेस्टवर्ड द विमेन' आता रिस्टोअर होऊन घरबसल्या बघता येतो, आणि वेस्टर्न (जुन्या पश्चिम अमेरिकेतल्या गोष्टींचे सिनेमे) आवडत असोत नसोत, हा बघाच असं मी अगदी हक्काने सांगेन. फक्त डिस्क टाकली आणि प्ले दाबलं असं करू नका, कारण जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवरची धूळ, ओरखडे काढायला लोकांनी एवढी मेहनत घेतलेली असते आणि आपला टीव्ही स्वतःची अक्कल चालवून त्यावर पाणी फिरवतो.

थोडक्यात गोष्ट अशी. १८५१ साल, कॅलिफोर्नियातलं एक खोरं, तिथे पुरुषच पुरुष. त्यांचा मालक रॉय व्हिटमन शिकागोला जाऊन लग्नाला तयार असलेल्या शंभरावर बायका जमवतो आणि बक वायट (रॉबर्ट टेलर) हा वॅगन मास्टर, म्हणजे गाड्यांच्या तांड्याचा म्होरक्या, त्यांना मिझुरीतल्या इंडिपेन्डन्सहून पश्चिमेकडे घेऊन निघतो. तुमच्यातली दर तिघींमागे एक वाटेत मरू शकते हे तो त्यांना तोंडावर सांगतो, तरी त्या निघतात. कथा मूळची दिग्दर्शक फ्रँक काप्राची. आणि बायकांची टंचाई काही उगाच कल्पना नाहीये हां, १८४८ मध्ये सोनं सापडल्यावर जी झुंबड उडाली त्यात बहुतेक पुरुषच होते, १८५० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियात बायका दहा टक्केसुद्धा नव्हत्या. वाट सुमारे दोन हजार मैलांची, चार-सहा महिने लागायचे.

आता सेटिंग्ज. सगळ्यात आधी पिक्चर मोड 'फिल्ममेकर' करा, तो नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'. एवढ्याने अर्धं काम होतं. मग मोशन स्मूदिंग बंद करा, एलजीवर त्याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर पिक्चर क्लॅरिटी. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा आहे, टीव्ही त्यांच्या मधेमधे स्वतःच्या फ्रेम्स घुसडतो आणि वॅगन पळताना सगळं टीव्ही सीरियलसारखं गुळगुळीत दिसायला लागतं. प्लेअरमध्ये २४पी (सेकंदाला २४ फ्रेम्स) आउटपुटचा ऑप्शन असेल तर तो चालू ठेवा.

दुसरं, आणि ह्यात सगळ्यात जास्त लोक चुकतात, नॉइज रिडक्शन पूर्ण बंद. पडद्यावर बारीक बारीक कण हलताना दिसतील, तो खराबपणा नाही, तो फिल्मचा ग्रेन आहे, चित्र त्या कणांचंच बनलेलं असतं. ह्या सिनेमात तर युटाच्या वाळवंटातली धूळ, घामाने चिकटलेले केस, उन्हाने रापलेले चेहरे हेच बघण्यासारखं आहे, आणि नॉइज रिडक्शन चालू असलं की टीव्ही नेमकं तेच पुसतो, बायकांचे चेहरे मेणाचे दिसतात. शार्पनेसही खाली आणा, नाहीतर डोंगराच्या कडेला पांढरी रेघ दिसते. कलर टेम्परेचर वॉर्म ठेवा म्हणजे पांढऱ्यावर निळी झाक येणार नाही.

डावी-उजवीकडे काळे पट्टे येणारच, ते येऊ द्या! चित्राचा आकार १.३७ ला १ आहे. स्क्रीन भरायला झूम केलंत तर वरखालचा मिळून जवळपास पाव भाग उडतो, आणि स्ट्रेच केलंत तर ह्यातली अभिनेत्री होप इमर्सन, जी आधीच चांगली धिप्पाड आहे, ती आडवी पसरलेली दिसेल. वेलमन गर्दीचे शॉट्स वरपासून खालपर्यंत भरतो, दोरांना लटकून वॅगन उतारावरून खाली सोडतात तो सीन झूम करून बघितलात तर उताराचा तीव्रपणाच कळणार नाही.

आवाज मोनो आहे, म्हणजे एकाच चॅनलचा. साउंडबारचा 'सराउंड' वगैरे बंद करून साधा स्टिरिओ लावा. शीर्षकं आणि शेवट सोडला तर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, चाकांची करकर, खेचरं, वारा आणि माणसांचे आवाज एवढंच, त्यामुळे पंखा, फोन शक्य तेवढे बंद ठेवा. हे का सांगतोय तर नेटिव्ह अमेरिकनांच्या हल्ल्यानंतरचा एक सीन. मारामारी संपलेली, कोण कोण गेलं असं बक विचारतो आणि जिवंत राहिलेल्या बायका एकेक करून मेलेल्यांची नावं मोठ्याने पुकारतात, नाव ऐकू येतं आणि कॅमेरा त्या बाईवर जातो, ती पडलेली. परत नाव, परत चेहरा. संगीत नाही, कोणी भाषण करत नाही. इथे आवाज कमी असेल किंवा बाजूला कोणी बोलत असेल तर सीन हातातून गेला.

सबटायटल्स लावा, पण तांड्यातल्या मिसेस मरोनीचं इटालियन आणि इटो ह्या जपानी माणसाचं जपानी पुटपुटणं कळलं नाही तर थांबून शोधत बसू नका, त्यांच्या आजूबाजूच्या बायकांनाही ते कळत नाहीये आणि सिनेमाला तेच हवंय.

दोन गोष्टी मनात ठेवून बघा. एक, नेटिव्ह अमेरिकन इथे फक्त हल्ला करणारे म्हणून येतात. खऱ्या वाटेवर कॉलरा आणि अपघातांनी हल्ल्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसं मारली, आणि नदी ओलांडायला, अन्न मिळवायला प्रवासी ह्याच लोकांची मदत घेत होते. दुसरं, बकचं तांड्यातल्या फिफीशी (डेनिस डार्सेल) वागणं आज खटकतं, मलाही खटकतं, आणि ते खटकू द्यावं. पण त्याच वेळी बायका खेचरं हाकताना, बंदूक चालवताना, आणि मोडक्या चाकाची वॅगन आत बाळंतपण चालू असताना अंगावर उचलून धरताना किती वेळ, किती जवळून दाखवल्यात ते बघा, त्या काळच्या दुसऱ्या वेस्टर्नमध्ये हे सहजी सापडत नाही.

लांबी दोन तासांच्या जरा आत, एका बैठकीतच बघा. लहान मुलं सोबत असतील तर आधी एकट्याने बघून घ्या, बलात्कार आणि त्यानंतरची शिक्षा ह्यात आहे, आणि एका मुलाचा मृत्यूही आहे.