सह्याद्रीतल्या कायमच्या जंगल-प्लॉटमध्ये या चुका टाळा

कायमचा प्लॉट म्हणजे खांबांनी आखलेला जंगलाचा तुकडा, ज्यातली तीच झाडं ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा मोजली जातात. घाटमाथ्यावरच्या सदाहरित जंगलात अनेक झाडांचा व्यास वर्षाला एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढत नाही. टेप दोन बोटं वर-खाली सरकली तरी तेवढीच चूक होते. म्हणून इथे अचूकतेपेक्षाही जास्त महत्त्व आहे ते दर वेळी त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजण्याला.

घेर मोजताना

जमिनीपासून १.३ मीटर हे अंदाजाने छातीला लावून ठरवू नका, कारण दर माणसाची छाती वेगळी. १.३ मीटरची काठी ठेवा, बुंध्याजवळचा पाला बाजूला करून ती चढाकडच्या बाजूने टेकवा आणि रंगाची बारीक रेघ मारा. आधारमुळं, म्हणजे बुंध्याशी फळ्यांसारखी पसरलेली मुळं, खोडावर उंच चढली असतील तर ती संपतात त्याच्या ५० सेंमी वर मोजा आणि ती उंची नोंदवा. पुढच्या वेळी तिथेच मोजायचं आहे. रंग पावसाने उडतो, म्हणून दर मोजणीला रेघ ताजी करा.

नंबराच्या बिल्ल्याचा खिळा रेघेवर ठोकणं ही नेहमीची चूक. खिळ्याभोवती खोड सुजतं आणि ती सूज वाढ म्हणून नोंदली जाते. खिळा १.६ मीटरवर ठोका. तो ॲल्युमिनियमचा हवा आणि दोन-तीन सेंमी बाहेर राहिला पाहिजे, नाहीतर काही वर्षांत झाड बिल्लाच गिळतं.

गारंबीसारखा वेल खोडाला बिलगला असेल तर टेप वेलाच्या आतून घ्या. शेवाळ हाताने पुसा, पण साल खरवडू नका. टेपच्या एका बाजूला घेर, दुसऱ्या बाजूला व्यास असेल तर कोणती बाजू वाचली ते फॉर्मवर लिहा, ३.१४ पटीची गफलत इथूनच होते.

पावसाळ्यात साल फुगते, मार्च-एप्रिलमध्ये आक्रसते. महिना ठरवून घ्या आणि तोच पाळा.

उणे वाढ दिसली तर

घेर कमी भरला म्हणून ती नोंद खोडून टाकायचा मोह होतो. तो आवरा. चुका दोन्ही बाजूंना होतात. फक्त उणे आकडे काढले तर सरासरी वाढ फुगते, आणि ती फुगलेली सरासरी पुढे जंगलाने किती कार्बन साठवला या हिशोबात जाते. मागचा आकडा सोबत न्यावा, पण लेखनिकाकडे, म्हणजे आकडे लिहून घेणाऱ्याकडे. मोजणाऱ्याला दाखवू नये, नाहीतर तोच नकळत वाचला जातो. फरक विचित्र वाटला तर लेखनिकाने फक्त ‘पुन्हा मोज’ म्हणावं. शेवटी चिठ्ठ्या टाकून निवडलेली पाच टक्के झाडं दुसऱ्या जोडीकडून मोजून घ्या.

उतारावरची आखणी

३० अंशांच्या उतारावर २० मीटर सपाट अंतर म्हणजे जमिनीलगत २३.१ मीटर. टेप जमिनीवर टाकून २० मीटर धरलं तर नकाशावर ते १७.३ मीटरच भरतं, आणि ४०० चौरस मीटरचा चौकोन ३४६ चौरस मीटरचा होतो. हेक्टरी झाडांचा आकडा १३ टक्क्यांनी कमी येतो. पाच-पाच मीटरचे तुकडे करा, टेप आडवी ताणा, ओळंब्याने टोक खाली उतरवा. कोपऱ्यांसाठी जीपीएसवर विसंबू नका. दाट छताखाली ते सहज पाच-दहा मीटर चुकतं. खांब गाडा आणि जवळच्या दोन कातळांपासून अंतर व दिशा लिहा.

मेलेलं झाड

निष्पर्ण म्हणजे मेलेलं नव्हे. सालीवर नखाने ओरखडा काढून हिरवा थर दिसतो का बघा, बुंध्याशी फुटवे आहेत का बघा. पुढच्या फेरीत खात्री झाल्याशिवाय नंबर बंद करू नका.

पर्जन्यमापक

२०० चौ. सेंमी तोंडाच्या मापकात चार लिटरची बाटली २०० मिमीला भरते. महाबळेश्वर-आंबोलीकडे जुलैत एका दिवसाला ती कमी पडू शकते. दहा लिटरची ५०० मिमीपर्यंत पुरते. आपोआप नोंद करणारा हेलकावी मापक (छोटं भांडं भरलं की कलंडतं आणि तेवढा पाऊस नोंदला जातो) मुसळधार सरीत कमी मोजतो आणि नरसाळ्यात पाला अडकला की पाऊसच नाही असं दाखवतो. शेजारी साधा मापक हवाच.

कारवीचं वर्ष

जंगलाच्या तळाशी दाट वाढणारं कारवीचं झुडूप सात-आठ वर्षांनी फुलतं, बी टाकतं, मरतं आणि मग जमीन रोपांनी भरते. एक मोजणी फुलोऱ्याआधी, दुसरी नंतर झाली तर जंगलाचा तळ पार बदलल्यासारखा दिसतो. लहान झाडोऱ्याची मोजणी छोट्या चौकोनांत दरवर्षी करा आणि कारवी फुलल्याचं वर्ष प्रत्येक फॉर्मच्या माथ्यावर लिहा.