स्किमरचा कप भरून वाहणे मी कसे थांबवले

खाऱ्या पाण्याच्या माझ्या १२० लिटरच्या मत्स्यटाकीच्या प्रोटीन स्किमरचा (हवेच्या बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातील मैला वर कपात जमा करणाऱ्या यंत्राचा) कप वारंवार भरून वाहू लागला, तेव्हा मी कपाच्या निचऱ्याच्या तोटीला नळी जोडून ती पाच लिटरच्या डब्यात सोडली आणि प्रश्न मिटला असे समजलो. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा काठोकाठ भरलेला होता; त्यात चहासारखा गडद, उग्र वासाचा मैला नसून जवळजवळ नितळ खारे पाणी होते. गेलेल्या पाण्याच्या जागी स्वयंचलित भरणीने गोडे पाणी सोडले होते, त्यामुळे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारटपणाचे माप) १.०२५ वरून १.०२४ वर आले होते. आकडा लहान दिसतो, पण डबा मोठा असता तर ही घसरण प्रवाळांना भोवली असती.

मूळ दोष जागेचा होता. स्किमर संपच्या (गाळणीची यंत्रे ठेवण्याच्या जोडटाकीच्या) परतीच्या पंपाच्या, म्हणजे पाणी मुख्य टाकीत परत पाठवणाऱ्या पंपाच्या, कप्प्यात होता, जिथे पातळी सतत बदलते, आणि ती थोडी चढली तरी फेस स्किमरच्या मानेतून (कपाखालच्या अरुंद भागातून) वर उसळतो. मी तो आडभिंतीमुळे पातळी स्थिर राहणाऱ्या कप्प्यात हलवला आणि फेसाची रेषा मानेच्या तळाशी आणली.

नळीला मध्ये झोळ होता, तिथे मैला साचत असे. ती आखूड करून सलग उतार दिला. डब्याच्या झाकणाला हवेसाठी छिद्र पाडले आणि आत फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीबरोबर तरंगणारा खटका) बसवला, जो डबा भरताच फक्त स्किमरचा पंप बंद करतो.