रीफ टँकला एटीओ लावताय? आधी या चुका टाळा

रीफ टँक म्हणजे कोरलवाला खाऱ्या पाण्याचा टँक, आणि एटीओ म्हणजे ऑटो टॉप-ऑफ, उडून गेलेल्या पाण्याची भरपाई ड्रममधल्या पाण्याने आपोआप करणारं यंत्र. एप्रिल लागला, टँकवर पंखे चढले, की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज येतो, "दादा एटीओ कोणता घेऊ, स्वस्त आणि चांगला सांगा". आणि मग पावसाळ्यात त्यातल्याच कोणाचा तरी दुसरा मेसेज, "दादा सॅलिनिटी एकदम खाली आलीये, झोआ उघडतच नाहीयेत". (सॅलिनिटी म्हणजे पाण्याचा खारटपणा, झोआ हा कोरलचा एक प्रकार.) मधे काय झालं असेल हे आता विचारावंही लागत नाही.

अगदी नवीन असाल तर एवढंच लक्षात घ्या, टँकमधून उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ सगळं तिथेच राहतं, त्यामुळे भरपाई गोड्या पाण्यानेच करायची. (मिठाचं पाणी घालून घालून टँक लोणच्यासारखा खारट करणारेही बघितलेत.) समुद्राचं पाणी ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) आसपास असतं, म्हणजे २५ डिग्रीला एसजी (सापेक्ष घनता) साधारण १.०२६, आणि कोरलला तो आकडा हलला की त्रास होतो. हळूहळू हलला तर एकवेळ सहन करतील, एका रात्रीत हलला तर नाही.

आता सगळ्यात मोठी गडबड इथेच होते की माणूस एटीओ घेताना विचारतो सेन्सर किती अ‍ॅक्युरेट आहे. अरे लेव्हल दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर काय फरक पडतो? विचारायचं असं की हा बिघडला तर काय करेल. एटीओ दोनच प्रकारे बिघडतो, एकतर पाणी सोडायचंच बंद करतो, नाहीतर सोडायचं थांबत नाही. पहिल्यात तुमच्या हातात एखाद दिवस तरी असतो, सम्पमधून, म्हणजे टँकखालच्या टाकीतून, पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप गुरगुरायला लागतो, लक्षात येतं. दुसऱ्यात तुम्ही झोपलेले असता.

ड्रम उंचावर ठेवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक आणि सगळ्यात जास्त दिसणारी पण हीच. ठाण्याला एका मित्राकडे बघितलेलं सांगतो. टँक आणि सम्प मिळून २०० लिटरच्या आसपास, सम्प खाली कॅबिनेटमधे, आणि आरओच्या पाण्याचा ४० लिटरचा ड्रम टीव्ही युनिटवर, का तर खाली जागा नाही आणि "वरून पाणी सोपं उतरतं, पंपाला लोड नाही". एटीओ चांगला, महागातला, दोन सेन्सरवाला. पहिल्या आठवड्यातच सम्प थोडा जास्त भरलेला दिसला तेव्हा कोणीतरी सांगितलं की सायफन होतोय, नळीचं टोक पाण्यात बुडालंय ते वर घे. त्याने टोक पाण्याच्या वर क्लिप केलं आणि निवांत झाला. ड्रम तेव्हा अर्ध्याच्या खाली आलेला, पंप बारका, उरलेलं पाणी उतरलं तरी सम्पमधे मावलं, कोणाला काही कळलं नाही. मग शनिवारी त्याने ड्रम काठोकाठ भरला.

रात्री एटीओ चालू झाला, सेन्सरने लेव्हल बघून पंप बरोबर बंद केला, सगळं जसं व्हायला पाहिजे तसंच झालं, फक्त पाणी काही थांबलं नाही. कारण नळीचं टोक हवेत असलं तरी ते ड्रममधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खालीच होतं ना! सायफनला टोक बुडालेलं लागत नाही, खाली असलेलं लागतं. छतावरच्या टाकीत पाइप टाकून ओढून बघितला असेल लहानपणी तर हे माहीत असतं. सकाळपर्यंत अख्खा ड्रम खाली, सम्प ओसंडून हॉलभर पाणी, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पीओपीला डाग, आणि टँकमधे एसजी १.०२२. क्लाउन मासे मजेत फिरत होते, त्यांना फार फरक पडत नाही, पण क्लीनर श्रिम्प गेला, स्टारफिश दोन दिवसांनी गेला, आणि कोरल बरेच दिवस तोंड पाडून होते. आणि हा माणूस शिव्या कोणाला देतोय तर सेन्सरला, ज्याने आपलं काम चोख केलं होतं.

तर नियम असा. नळीचं टोक भरलेल्या ड्रमच्या पातळीपेक्षा वर पाहिजे. आणि सम्पच्या पाण्याच्याही वर, तेसुद्धा लाइट गेल्यावर टँकचं पाणी खाली उतरून सम्प जिथवर भरतो त्या लेव्हलच्या वर, कारण टोक बुडालेलं असेल आणि ड्रम खाली असेल तर उलटा सायफन होतो, मिठाचं पाणी ड्रममधे येतं, आणि मग तुम्ही खाऱ्या पाण्याने टॉप-ऑफ करत बसता. ड्रम वर ठेवण्याशिवाय गत्यंतरच नसेल तर नळी ड्रमच्या पाण्याच्या वरपर्यंत न्या आणि तिथे सगळ्यात उंच जागी एक बारीक भोक पाडा, ड्रमच्या तोंडाकडे वळलेलं, थोडं पाणी परत ड्रममधेच गळेल पण पंप थांबला की हवा शिरून सायफन तुटतो. ते भोक मिठाने नाहीतर शेवाळाने बुजतं, म्हणून मी स्वतः ड्रम सरळ जमिनीवर ठेवतो. जागा नाही म्हणणाऱ्यांनी मग बारका ड्रम ठेवावा.

मोठा ड्रम म्हणजे निवांतपणा?

बारक्या ड्रमवरून आठवलं. नवीन माणसाला वाटतं ५० लिटरचा ड्रम ठेवला की महिनाभर बघायला नको. हिशोब करा की. २०० लिटर सिस्टिममधे ५० लिटर गोडं पाणी एकदम गेलं तर ३५ चे २८ पीपीटी. २० लिटर गेलं तर ३२ च्या जवळपास, वाईट आहे पण बरेचसे जीव वाचतील. म्हणून माझी सवय अशी आहे की ड्रम सिस्टिमच्या दहा टक्क्यांच्या वर न्यायचा नाही, आणि अख्खा ड्रम रिकामा झाला तरी सम्पमधे मावला पाहिजे. आठवड्यातून एक-दोनदा भरावा लागतो, लागू दे, तेवढ्या निमित्ताने सम्प उघडून बघणं होतं.

आणि आरओची लाइन सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह) लावून सरळ सम्पला जोडणारे जे हुशार लोक आहेत त्यांचा ड्रम म्हणजे पालिकेचा अख्खा जलाशय, त्यांना मी सल्ला देत नाही. शिवाय आरओ दर थोड्या वेळाने दोन-दोन मिनिटं चालला की सुरुवातीचं जास्त टीडीएसवालं (जास्त क्षार विरघळलेलं) पाणीच प्रत्येक वेळी आत जातं, डीआय रेझिन (आरओनंतर उरलेले क्षार काढणारं फिल्टर) भराभर संपतं.

एकच फ्लोट स्विच आणि त्यावर २३० व्होल्टचा पंप

ऑनलाइन मिळणारा तो बोटाएवढा पांढरा फ्लोट स्विच. आत चुंबक आणि त्याने चालू-बंद होणारा रीड स्विच. तो बहुतेक वेळा १० वॉटच्या आसपास रेटिंगचा असतो आणि लोक त्यावर सरळ कूलरचा पंप जोडतात, मग कॉन्टॅक्ट चिकटतात आणि पंप बंदच होत नाही. लावायचाच असेल तर १२ व्होल्टचा डीसी पंप घ्या नाहीतर मधे रिले (बारक्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाका, आणि खाऱ्या पाण्याशेजारी वायरिंग करताय तर ३० मिलिअ‍ॅम्पचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा ब्रेकर) असू द्या बाबांनो. फ्लोटवर मीठ साचून तो खालीच अडकला किंवा वर गोगलगाय जाऊन बसली तरी तोच परिणाम, पंप चालूच.

म्हणून दोन सेन्सर पाहिजेत, आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या जातीचे. ट्युन्झेच्या ऑस्मोलेटर ३१५५ मधे असं आहे, रोजचं काम ऑप्टिकल (प्रकाशाने पातळी ओळखणाऱ्या) सेन्सरला आणि वर सेफ्टीला फ्लोट, शिवाय पंप सलग १० मिनिटं चालला तर बंद होऊन अलार्म. पण टाइम लिमिट आहे म्हणून गाफील राहू नका, मिनिटाला २ लिटर टाकणारा पंप १० मिनिटात २० लिटर टाकतो, ६० लिटरच्या बारक्या नॅनो टँकची त्यात वाट लागते, २६ पीपीटी. पंप जितका मरतुकडा तितका चांगला, याबाबतीत पॉवरचा मोह नको.

एसीचं पाणी

"टीडीएस मीटरवर ५ दाखवतंय, फुकट आहे, का नको?" कारण ते पाणी तांब्याच्या कॉइलवरून येतं, आणि कोरल, श्रिम्प, गोगलगायी या सगळ्यांना तांबं म्हणजे विष, तेही इतक्या कमी प्रमाणात की तुमचा टीडीएस मीटर ते वेगळं दाखवणारच नाही. वर त्या ट्रेमधली बुरशी, धूळ, आणि सर्व्हिसिंगवाला जे काही केमिकल मारून गेला असेल ते. हजारोंचे लाइट लावायचे आणि पाण्यात पैसे वाचवायचे हे गणित मला आजवर कळलेलं नाही. किचनमधल्या प्युरिफायरचंही तसंच, त्यात चवीसाठी टीडीएस अ‍ॅडजस्ट केलेला असतो, पिण्याला उत्तम, टँकला नाही. आरओनंतर डीआय पाहिजे आणि मीटरवर शून्य. टॉप-ऑफमधून आलेलं काहीच उडून जात नाही, साचत जातं, मग सहा महिन्यांनी तपकिरी डायटम (एक प्रकारचं शेवाळ) का आले विचारत बसतात.

तांब्याच्याच कारणाने घरच्या टाकीचा पितळी बॉल कॉक पण नको. ग्रॅव्हिटीवाला एटीओ करायचा तर पूर्ण प्लॅस्टिकचा फ्लोट व्हॉल्व्ह घ्या.

एटीओमधून कॅल्क देणं

पहिलं वर्ष तरी नाही. कॅल्क म्हणजे चुन्याची निवळी, तिचा पीएच १२ च्या वर, एटीओ अडकला तर सॅलिनिटी मोजायलाही कोणी शिल्लक राहत नाही.

गणपतीला गावी जायच्या आदल्या दिवशी एटीओ लावणं

दरवर्षी, दरवर्षी कोणीतरी करतंच. आधी हाताने पाणी घालायचे, आता आठवडाभर कोकणात जायचंय म्हणून परवा एटीओ मागवला, काल लावला, आज रात्रीची गाडी. भाऊ, नवीन एटीओचे नखरे पहिल्या दोन आठवड्यांतच कळतात, कुठे बुडबुडे येतात, कुठे नळी सुटते, ते तुमच्या डोळ्यादेखत होऊ दे की. आठवडाभरासाठी शेजारच्या मुलाला टेपची खूण आणि रोजच्या मापाच्या भरलेल्या बाटल्या देऊन जा, तो या नव्या डब्यापेक्षा भरवशाचा.

मापावरून, आपलं रोज किती उडतं हे मोजलेलं नसतंच कोणी. एटीओ बंद करा, सम्पवर टेप लावा, २४ तासांनी मापाने भरा. उन्हाळ्यात पंखे लावून एकदा आणि पावसाळ्यात एकदा. पंख्याने टँक गार होतो तो पाणी उडूनच होतो, १ लिटर उडालं की २०० लिटरमधली जवळपास ३ डिग्रीएवढी उष्णता घेऊन जातं, त्यामुळे मे महिन्यातला आकडा बघून दचकू नका. आणि मुंबईत जुलैत एटीओ दिवसभर गप्प बसला तर तो बिघडला असं समजून सेन्सर खालीवर करू नका, हवेतच इतका दमटपणा असतो की पाणी उडणार कुठून.

लावलाय आणि त्रास देतोय तर

पंप सारखा चालू-बंद होतोय: सेन्सर लाटेत किंवा बुडबुड्यात आहे, रिटर्न चेंबरच्या शांत कोपऱ्यात हलवा. लेव्हल फक्त त्याच चेंबरमधे खालीवर होते, सेन्सर वरच्या मुख्य टँकमधे किंवा स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) खणात लावून काही उपयोग नाही.

लेव्हल खाली गेलीये तरी पंप चालत नाही: ऑप्टिकलवर शेवाळाचा थर किंवा थेंब असेल, पुसा. नसेल तर पंपात हवा अडकलीये किंवा ड्रम रिकामा आहे, हो, ड्रम रिकामा असतो पुष्कळदा.

ऑप्टिकल उगाच गोंधळतोय: रेफ्युजियमचा (सम्पमधल्या शेवाळ वाढवायच्या खणाचा) लाइट त्यावर पडतोय का बघा.

एटीओ व्यवस्थित आणि तरी सॅलिनिटी रोज थोडी थोडी उतरतेय: स्किमर फार ओला चाललाय, कपमधे खारं पाणी जातंय आणि एटीओ त्याची भरपाई गोड्याने करतोय. किंवा कुठेतरी गळतंय, कॅबिनेटच्या मागे हात घालून बघा. पण त्याआधी रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या सोल्युशनने कॅलिब्रेट करा, निम्म्या केसेस तिथेच मिटतात.

ड्रमला झाकण ठेवा, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

आणि एखाद्या रात्री ड्रम रिकामा झालाच तर घाबरून मीठ थेट टँकमधे टाकू नका. एटीओचा प्लग काढा, जे पाणी उडतंय त्याच्या जागी तयार मिठाचं पाणी घालत जा, दिवसाला १ पीपीटीच्या आसपास वर न्या, आकडा जागेवर आला की मग प्लग लावा.